तालमीची मेहनत आणि जिममधील वजने: दोन्ही एकाच आठवड्यात कशी बसवावीत?

प्रश्न
खानापूरचा पैलवान:

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील असून लहानपणापासून गावच्या तालमीत मातीवरची कुस्ती खेळत आलो आहे. पदवीच्या शिक्षणासाठी बेळगावात राहायला आल्यापासून मॅटवरही उतरू लागलो. माझे वजन एरवी ७८ किलो असते आणि मॅटवर मी ७४ किलो गटात खेळतो. पहाटे तालमीत जोर, बैठका, सपाटे, दोरावर चढणे आणि त्यानंतर लढती असा क्रम असतो. संध्याकाळी खोलीजवळच्या जिममध्ये सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी पाय अशा वाटणीने वजने उचलतो. शिवाय दम वाढावा म्हणून जवळजवळ रोज पाच किलोमीटर सावकाश धावतो.

जिममध्ये सुरुवातीला उचलण्याची वजने झपाट्याने वाढली. अडचण अशी आहे की मॅटवरच्या लढतीत दुसऱ्या तीन मिनिटांत माझे हात भरून येतात, पकड सुटते आणि समोरचा मल्ल ताकदीने कमी असूनही गुण घेऊन जातो. मांड्या आठवडाभर जड राहतात. आमचे वस्ताद सांगतात की लोखंडाने अंग आखडते, म्हणून जिम बंद कर. जिममधील प्रशिक्षक सांगतात की बैठकांनी गुडघे झिजतात, म्हणून बैठका बंद कर. दोघेही माझ्या भल्यासाठीच सांगतात, पण दोघांचे एकाच वेळी ऐकायचे तर माझ्याकडे धावण्याखेरीज काहीच उरत नाही. दिवाळीनंतर कुस्त्यांची मैदाने सुरू होतील आणि जत्रांच्या कुस्त्या वैशाखापर्यंत चालतील. त्याआधी कशाला किती जागा द्यावी, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १
टिळकवाडीतील प्रशिक्षक:

पैलवान, तुम्ही दोन्हीपैकी काहीही बंद करण्याची गरज नाही. मात्र जिममध्ये जे करता ते जवळजवळ पूर्ण बदलावे लागेल आणि धावण्याचाही नव्याने विचार करावा लागेल.

आधी ताकदीविषयी. जोर काढताना हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार येतो. ज्याला दहा जोरही निघत नाहीत त्याच्यासाठी हा ताकदीचा व्यायाम असतो. तुमच्यासारखा मल्ल शेकड्यांनी जोर काढतो, तेव्हा तोच व्यायाम चिवटपणाचा होतो. चिवटपणा कुस्तीत अत्यंत मोलाचा आहे, पण कलाजंग हा डाव मारताना जो ७४ किलोचा, विरोध करणारा माणूस खांद्यावर घ्यावा लागतो, त्याला लागणारे बळ त्यातून फारसे वाढत नाही. स्नायूला सवय झालेल्या भारापेक्षा थोडा अधिक भार टप्प्याटप्प्याने दिला तरच बळ वाढते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डेलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांच्या पायांसाठी नेमके हेच केले. हलक्या वजनाची असंख्य आवर्तने करून घेण्याऐवजी त्यांनी भारी वजनाची मोजकी आवर्तने देऊन दर आठवड्याला वजन वाढवले आणि १९४५ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. आज जिममध्ये दहा-दहाचे तीन सेट लावण्याची जी रीत दिसते, तिचे मूळ बऱ्याच अंशी तेथे आहे.

छाती, पाठ, खांदे अशी दिवसांची वाटणी शरीरसौष्ठवासाठी ठीक आहे, कारण त्यात प्रत्येक स्नायू थकवून फुगवायचा असतो. मल्लाने सोमवारी छाती दुखेपर्यंत दाबली की मंगळवारची लढत बिघडते आणि गुरुवारी पाय केले की शुक्रवारच्या बैठका जड होतात. तुमच्या मांड्या कायम जड राहण्याचे कारण मला यातच दिसते. त्याऐवजी आठवड्यातून दोन, पावसाळ्यासारख्या मोकळ्या काळात फार तर तीन सत्रे ठेवावीत आणि प्रत्येक सत्रात संपूर्ण शरीर घ्यावे. स्क्वॅट म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बैठक किंवा एका पायावरचा स्क्वॅट, कमरेतून वाकून उचलण्याचा एक प्रकार म्हणजे डेडलिफ्ट, ओढण्याचा एक प्रकार म्हणजे वजन बांधून पुल-अप किंवा बारबेल रो (वाकून वजनाचा दांडा पोटाकडे ओढणे), आणि डोक्यावर उचलण्याचा एक प्रकार, एवढे पुरेसे आहे. प्रत्येकाचे तीन ते चार सेट, सेटमध्ये तीन ते पाच आवर्तने आणि दोन सेटांमध्ये दोन-तीन मिनिटांची विश्रांती घ्यावी. आणखी एक-दोन आवर्तने निघाली असती असे वाटत असतानाच थांबावे. बेंच प्रेस मी मुद्दाम मागे ठेवतो, कारण ढकलण्याचे काम तुमचे जोर पुरेसे करून घेतात. बैठकांमध्ये मुख्यतः मांडीचा पुढचा भाग काम करतो. मांडीचा मागचा भाग आणि नितंब तुलनेने उपाशी राहतात आणि एकेरी पट काढून, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून, उठताना तेच स्नायू लागतात. त्यामुळे डेडलिफ्ट सोडू नये. साथीदाराने घोटे धरून ठेवायचे आणि गुडघ्यांवरून सावकाश पुढे झुकत खाली जायचे, हा नॉर्डिक नावाचा व्यायामही आठवड्यातून एकदा करावा. मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती त्याने जवळपास निम्म्याने कमी होतात, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले आहे.

आता हात भरून येण्याविषयी. ताकद कमी असल्यामुळे हे होत नाही, तर लढतीच्या स्वरूपाला साजेशी दमाची तयारी नसल्यामुळे होते. मॅटवरची फ्रीस्टाइल लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन भागांत होते आणि मध्ये अवघी ३० सेकंदांची विश्रांती मिळते. झेप घेऊन पट काढण्याचा जोर स्नायूंतील साठवलेल्या ऊर्जेवर चालतो आणि ती साधारण दहा सेकंदांत ओसरते. झटापट त्यापुढे लांबली की शरीर साखर जलद जाळू लागते आणि हात जळजळतात. ही ओसरलेली ऊर्जा पुन्हा भरण्याचे काम मात्र प्राणवायूवर चालणारी संथ यंत्रणा करते. तुमचे पाच किलोमीटर या शेवटच्या यंत्रणेला उपयोगी पडतात, परंतु रोज तेवढेच आणि त्याच वेगाने धावून त्यातून नवे काही मिळत नाही. सैन्यभरतीसाठी १.६ किलोमीटरची तयारी करणारी अनेक मुले व्हॅक्सिन डेपोच्या परिसरात रोज लांब आणि संथ धावतात आणि वेळ का उतरत नाही म्हणून हैराण होतात. त्यांचेही दुखणे हेच आहे. सावकाश धावणे आठवड्यातून दोनदा ठेवावे. एक दिवस येळ्ळूरच्या राजहंसगडासारख्या चढावर दहा ते पंधरा सेकंद पूर्ण जोराने धावून सावकाश उतरत विश्रांती घ्यावी. मैदाने जवळ आली की मॅटवरच तीन मिनिटे झटापट, ३० सेकंद विश्रांती, पुन्हा तीन मिनिटे अशी फेरी करावी आणि दर फेरीला ताज्या दमाचा साथीदार घ्यावा. पकड घट्ट आवळून धरली की हाताच्या पुढच्या भागातील रक्तप्रवाह अडतो, म्हणून लढतीत पकड सैल-घट्ट करण्याची सवयही लावून घ्यावी. टॉवेल धरून पुल-अप काढणे चांगले, पण ते सत्राच्या अखेरीस करावे.

एक वही ठेवावी. प्रत्येक सत्र किती कठीण वाटले त्याला शून्य ते दहा असा अंक द्यावा आणि त्याला मिनिटांनी गुणावे. ९० मिनिटांच्या तालमीला ७ दिले तर ६३० होतात. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यापेक्षा एकदम फुगली तर दुखापत जवळ आली असे समजून हात आखडता घ्यावा. सुट्टीत गावी जाऊन भाताची रोपलावणी केली असेल तर तीही याच बेरजेत धरावी. शेतातील काम शरीराला विश्रांती म्हणून मोजता येत नाही.

उत्तर २
येळ्ळूरकर काका:

प्रशिक्षक सरांचे लिखाण मनापासून आवडले, पण वस्तादांच्या बाजूनेही कोणीतरी बोलले पाहिजे म्हणून लिहितो.

बाळ, तुझे वस्ताद अंग आखडते असे म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काय असते, ते समजून घे. संध्याकाळी खांद्यावर वजने घेतलेला मुलगा पहाटे हौद्यात, म्हणजे तालमीच्या मातीच्या आखाड्यात, उतरतो तेव्हा त्याचा खांदा मोकळा फिरत नाही, ढाक हा डाव मारताना कंबर वळत नाही आणि तो दोन्ही हातांनी नुसता रेटत राहतो. वस्तादांनी हे अनेक मुलांमध्ये पाहिलेले असते. त्यात दोष लोखंडाचा कमी आणि त्याच्या वेळेचा व मापाचा जास्त, हे मला मान्य आहे. परंतु जोर म्हणजे फक्त छातीचा व्यायाम अशी समजूत करून घेऊ नकोस. नीट काढलेल्या जोरात पाठीचा कणा मागे-पुढे पूर्ण फिरतो, खांदा आपल्या पूर्ण घेरातून जातो आणि श्वास हालचालीला बांधला जातो. सरांनी सांगितलेल्या बारबेलमध्ये हे मिळत नाही.

दुसरे असे की भार वाढवत नेण्याची गोष्ट आपल्या तालमीला परकी नाही. दगडी कडे गळ्यात अडकवून बैठका काढणे, साथीदाराला खांद्यावर घेऊन हौद्याला फेऱ्या घालणे, मुद्गलांच्या हलक्या जोडीवरून भारी जोडीवर जाणे, करेल (मुद्गलासारखे जड लाकडी साधन) फिरवणे, हे सारे भार वाढवण्याचेच मार्ग होते. फावड्याने हौदा खणून माती वर-खाली करणे हे काम पूर्वी प्रत्येक पैलवानाच्या वाट्याला येई. सर ज्याला वाकून उचलणे आणि ओढणे म्हणतात, ते दोन्ही त्यात होते. आता पुष्कळ ठिकाणी माती उकरायला पॉवर टिलर फिरवतात आणि मुलांकडे फक्त जोर-बैठकांचा आकडा उरला आहे. तालमीतून जे निघून गेले तेच जिममधून परत येत असेल, तर माझी त्याला हरकत नाही. हा मुद्दा तू वस्तादांपुढे अशाच शब्दांत मांडलास तर तेही ऐकतील. आठवड्याचा तक्ता आधी त्यांना दाखव आणि त्यांच्या संमतीनेच लोखंडाला हात लाव.

मातीतून मॅटवर जाण्याची वाट आपल्याच मुलखात घडली आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झाले, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन परतले. मातीतील कुस्ती सावकाश पेटते. चितपट होईपर्यंत ती लांबू शकते आणि पैलवान जोर राखून खेळतो. मॅटवर घड्याळ धावत असते. तुझा दम मातीच्या हिशेबाने तयार झाला आहे, म्हणून दुसऱ्या तीन मिनिटांत तो तुला साथ देत नाही. सरांनी सांगितलेल्या फेऱ्या कर, पण आठवड्यातून एक लांब, न थांबता चालणारी मातीतली लढतही ठेव, कारण जत्रेच्या मैदानात तीच कामाला येईल.

बैठकांनी गुडघे झिजतात हे मला पटत नाही. आज शंभर आणि उद्या एकदम हजार असे करणाऱ्याचे गुडघे दुखतात. हळूहळू वाढवणारे म्हातारपणीही उकिडवे बसून भाकरी खाताना मी पाहिले आहेत.

उत्तर ३
चिक्कोडीतील फिजिओथेरपिस्ट:

काकांच्या शेवटच्या मुद्द्याला मी दुजोरा देते आणि त्याची एक गंभीर बाजू सांगते. सवय नसताना एकाच दिवशी पैजेने शेकडो बैठका काढल्यास स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणात फुटतात आणि त्यांतील द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात जाऊन अडथळा करतात. व्यायामानंतर मांड्या सुजून असह्य दुखत असतील आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला असेल, तर मालिश करत घरी बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तालमीत नव्याने आलेल्या मुलांना आणि दीर्घ आजारानंतर परतणाऱ्यांना हे आवर्जून सांगावे.

पैलवान दादा, तुम्ही ७८ किलोंवरून ७४ वर कसे येता, हे लिहिलेले नाही. आदल्या दोन दिवसांत पाणी तोडून आणि जाड कपड्यांत घाम काढून येत असाल, तर दुसऱ्या तीन मिनिटांत हात भरून येण्याचे एक मोठे कारण तेथेच असू शकेल. पाणी घटले की रक्त घटते आणि त्याच कामासाठी हृदयाला अधिक वेळा धडकावे लागते. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवण्याच्या अशाच प्रयत्नांत दगावले. त्यानंतर तेथील विद्यापीठीय संघटनेने रबरी सूट व सौना (घाम काढण्याची गरम खोली) यांवर बंदी घातली आणि वजन घेण्याची वेळ लढतीच्या अगदी जवळ आणली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्येही २०१८ पासून वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळीच घेतले जाते, त्यामुळे आदल्या दिवशी वजन देऊन रात्रभर खाऊन-पिऊन सावरण्याची जुनी युक्ती आता चालत नाही. आठवड्याला अर्धा किलो या गतीने दोन महिने आधीपासून उतरावे, म्हणजे बळही टिकते.

आहाराविषयी थोडेच सांगते. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे तुम्हाला १२५ ग्रॅमच्या आसपास. एक लिटर दुधात सुमारे ३२, चार अंड्यांत २४, शंभर ग्रॅम हरभऱ्यात २० आणि मूठ-दीड मूठ शेंगदाण्यांत १२ ग्रॅम मिळतात. उरलेली गरज डाळ, उसळ आणि भाकरी सहज भागवतात. बदामाची थंडाई जरूर घ्यावी, पण वजन उतरवण्याच्या काळात तिच्यातील उष्मांक मोजावेत. डब्यांतील पावडर घेणे आवश्यक नाही. घ्यायचीच असेल तर खेळाडूने ती उत्तेजकांसाठी तपासलेली आहे याची खात्री करूनच घ्यावी, कारण चाचणीत काही सापडले तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.

उत्तर ४
निपाणीच्या शिक्षिका:

चर्चा पैलवानांची आहे, तरी माझा प्रश्न याच धाग्यातला आहे. माझे वय ५४ आहे. हाडांची घनता कमी होत असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर मी जिमला जाऊ लागले. तेथे मला ट्रेडमिल आणि एक-एक किलोचे डंबेल्स दिले आहेत आणि भारी वजन बायकांनी उचलू नये असे सांगितले जाते. घरी मी पाण्याची कळशी आणि ज्वारीचे पोते हलवते, ते याहून कितीतरी जड असते. भार वाढवत नेण्याचा नियम माझ्यासारखीलाही लागू होतो का?

उत्तर ५
टिळकवाडीतील प्रशिक्षक:

ताई, तोच नियम तुम्हालाही लागू होतो आणि तुम्हाला त्याची गरज पैलवानापेक्षाही अधिक आहे. रजोनिवृत्तीनंतर हाडे वेगाने विरळ होतात आणि जे वजन उचलताना स्नायूला खरोखर जोर लावावा लागतो, त्याचाच ताण हाडापर्यंत पोहोचतो. एक किलोच्या डंबेलने ते होणार नाही. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि त्यातून स्त्रियांना वगळलेले नाही. खुर्चीवरून हातांच्या आधाराशिवाय उठणे-बसणे येथून सुरुवात करा, मग छातीशी वजन धरून तेच करा. जमिनीवरून वजन उचलताना पाठ सरळ ठेवून कमरेतून वाका. आठ ते दहा आवर्तने व्यवस्थित निघू लागली की पुढच्या वेळी एक-दोन किलो वाढवा. उचलताना श्वास कोंडू नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा मणक्याचे हाड पूर्वी दबलेले असेल, तर डॉक्टरांना विचारून आणि जाणकाराच्या नजरेखाली हे करा. तुमच्या जिममधील मंडळी ऐकत नसतील, तर हे उत्तर त्यांना दाखवा.

काका, हौदा खणण्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ज्यांच्या तालमीत अजून फावड्याने माती उकरली जाते, त्यांनी त्या दिवशी डेडलिफ्टचे सेट निम्मे करावेत, असे मी यापुढे सांगेन. खांदा आखडण्यावर उपाय असा की जिमचे सत्र तालमीच्या जड दिवशीच संध्याकाळी ठेवावे, दोहोंमध्ये किमान सहा तासांचे अंतर असावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फक्त डावांचा सराव, हलके जोर आणि करेल असावी. जड दिवस पूर्ण जड आणि हलका दिवस खरोखर हलका ठेवला की शरीराला सावरायला वेळ मिळतो. सध्या पैलवानाचे सगळेच दिवस मध्यम जड आहेत.

प्रतिसाद
खानापूरचा पैलवान:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फिजिओ ताईंनी अचूक ओळखले, मी शेवटच्या दोन दिवसांतच वजन उतरवत होतो. काकांच्या सांगण्याप्रमाणे वस्तादांना तक्ता दाखवला. मंगळवार आणि शुक्रवार या दोन संध्याकाळी जिमला त्यांनी संमती दिली, पण जोरांची संख्या आपणच ठरवणार असे सांगितले. आता एकच शंका उरली आहे. मैदाने सुरू झाल्यावर बऱ्याचदा रविवारी कुस्ती असते. तेव्हा शुक्रवारचे सत्र ठेवावे की सोडावे?

उत्तर ६
टिळकवाडीतील प्रशिक्षक:

रविवारी कुस्ती असेल त्या आठवड्यात शुक्रवारचे सत्र सोडावे आणि मंगळवारचे एकच ठेवावे. त्यात वजन कमी करू नये, सेट मात्र निम्मे करावेत, म्हणजे चारच्या जागी दोन. भार तसाच राहिला तर आठवड्यातून एका सत्रातही कमावलेले बळ हंगामभर बऱ्यापैकी टिकते. वजने हलकी करून आवर्तने वाढवली तर बळ ओसरते आणि थकवा मात्र साचतो. नॉर्डिक व्यायामही मंगळवारीच उरकावा, कारण त्याने येणारा ठणका दोन दिवस राहतो. शुक्रवारी अर्धा तास हलका डावांचा सराव आणि शनिवारी पूर्ण विश्रांती घ्यावी. लागोपाठ अनेक रविवारी कुस्त्या असतील, तर मधल्या एखाद्या मोकळ्या आठवड्यात पुन्हा दोन सत्रे करावीत. कोणता आठवडा मोकळा सोडायचा, ते वस्तादांना विचारून आत्ताच तक्त्यात लिहून ठेवावे.